जड आणि सुसाट गाडीचे ब्रेक किती चालतात ते घरीच काढा

इंदूरात दोन-सव्वादोन टनांची, चांगल्या पिकअपची एसयूव्ही घेतली की वर्षभरात एक प्रश्न पडतोच, ब्रेक पॅड किती किलोमीटर जातील? माझं सरळ म्हणणं आहे की किलोमीटर विचारूच नका, मिलिमीटर मोजा. कारण तीच गाडी सुपर कॉरिडॉरवर शांतपणे चालवणाऱ्याकडे आणि पलासिया ते विजय नगर रोज सिग्नलला कचाकच ब्रेक मारणाऱ्याकडे अगदी वेगळी वागते. वजन दुप्पट झालं तर ब्रेकला दुप्पट ऊर्जा जिरवावी लागते, पण वेग ६० चा १२० झाला की चौपट, आणि ही सगळी उष्णता त्या पॅडमध्ये आणि पॅड ज्या फिरत्या चकतीला आवळतात त्या डिस्कमध्येच जाते. म्हणून मोठे कॅलिपर (पॅड डिस्कवर दाबणारा भाग) असले तरी अशा गाडीचे पॅड साध्या हॅचबॅकपेक्षा लवकर संपतात, त्यात घाबरण्यासारखं काही नाही.

हिशोब असा करायचा. नवीन पॅडचं मटेरियल साधारण १० ते १२ मिमी असतं, मागची लोखंडी पट्टी त्यात धरायची नाही, आणि ३ मिमी उरलं की बदलायचं. समजा ११ मिमीचे होते, १२,००० किमीला ८ उरले, म्हणजे ४,००० ला एक मिमी गेला, आता ५ मिमी वापरायला आहेत म्हणजे अजून २०,००० किमी. सवयी बदलतात म्हणून दर ५,००० ला परत मोजा आणि डायरीत चारही चाकांचं वेगवेगळं लिहा.

चारही का? तर मी पुढचेच बघत बसलो होतो. चाक काढल्यावर आमच्या मिस्त्रीने टॉर्च मारून म्हटलं, "भिया, बाहर वाला मत देखो, अंदर वाला देखो," आणि बघतो तर मागच्या चाकाचा बाहेरचा पॅड ७ मिमी आणि आतला जेमतेम ३! कॅलिपरची पिन जाम झाली होती, साफ करून ग्रीस लावल्यावर सुटली. डॅशबोर्डवर दिवा लागला नव्हता, कारण बऱ्याच गाड्यांत सेन्सर प्रत्येक पॅडला नसतोच. शिवाय चाक घसरू न देणारं ट्रॅक्शन कंट्रोल आणि पुढची गाडी बघून वेग सांभाळणारं ऑटो क्रूझसुद्धा आपल्या नकळत ब्रेक लावतात, त्यानेही पॅड झिजतात.

डिस्कवर किमान जाडी कोरलेली असते, ती व्हर्नियरने (जाडी मोजायच्या साधनाने) तपासा, कडेला उभी राहिलेली धार धरून मोजू नका, आकडा फसवा येतो.

ब्रेक ऑइल दोन वर्षांनी बदलाच, गाडी कमी चालली तरी. ते हवेतलं पाणी शोषतं, डॉट ४ या प्रतीच्या ऑइलचा उकळबिंदू कोरडं असताना निदान २३० अंश, पाणी शोषल्यावर १५५ पर्यंत उतरू शकतो. ओंकारेश्वरला जाताना सिमरोल सोडलं की भेरूघाट लागतो, तिथे उतारावर सारखा पाय ठेवून बसलात आणि ऑइल उकळलं तर पेडल मऊ होऊन खाली जातं, म्हणून गिअर खाली घ्या, इंजिनला गाडी धरू द्या. आणि डबीतली पातळी जरा उतरली म्हणून लगेच भरू नका, पॅड झिजले की ती उतरतेच, आधी पॅड बघा.

नवे पॅड टाकल्यावर पहाटे मोकळ्या रस्त्यावर ६० वरून २० पर्यंत आठ-दहा वेळा दमदार ब्रेक मारा, पूर्ण थांबू नका, मग दहा मिनिटं ब्रेक न लावता गाडी फिरवून गार होऊ द्या. गरम असताना पेडल दाबून उभे राहिलात तर पॅडचा थर डिस्कवर एकाच जागी बसतो आणि नंतर हायवेवर ब्रेक मारला की स्टिअरिंग थरथरतं.