तरुणांच्या मानसिक आरोग्यासाठी सामुदायिक उपक्रम चालवताना या चुका टाळा

घराचा आधार तुटलेली, संस्थेत वाढलेली, विस्थापित झालेली, हिंसा सोसलेली किंवा शिक्षण अर्धवट सुटलेली मुले-मुली ज्या वयात असतात, त्याच वयात बहुतेक मानसिक विकारांची सुरुवात होते. अमेरिकेतील एका मोठ्या सर्वेक्षणाचे निष्कर्ष २००५ साली प्रसिद्ध झाले. त्यांनुसार आयुष्यात कधी ना कधी उद्भवणाऱ्या मानसिक विकारांपैकी निम्मे १४ व्या वर्षापर्यंत आणि सुमारे तीन चतुर्थांश २४ व्या वर्षापर्यंत सुरू झालेले असतात. त्यामुळे या वयोगटासाठी उपक्रम हवेत, याविषयी दुमत नाही. मात्र हेतू चांगला असला म्हणजे उपक्रमाने निदान नुकसान तरी होणार नाही, हे गृहीतक चुकीचे आहे आणि पुढच्या बहुतेक चुका त्यातूनच जन्म घेतात.

याचा सर्वांत जुना आणि अजूनही अस्वस्थ करणारा पुरावा १९३९ साली मॅसॅच्युसेट्समध्ये सुरू झालेल्या केंब्रिज-सॉमरविल प्रकल्पाचा आहे. त्यात पाचशेहून अधिक मुलग्यांच्या जोड्या लावून, नाणेफेकीने ठरवून, प्रत्येक जोडीतील एकाला अनेक वर्षे समुपदेशकाच्या भेटी, शिकवणी, वैद्यकीय मदत आणि उन्हाळी शिबिरे असा आधार देण्यात आला. सुमारे तीस वर्षांनंतर गुन्हेगारीशास्त्रज्ञ जोन मॅककॉर्ड यांनी या सर्वांचा माग काढला, तेव्हा मदत मिळालेल्यांपैकी बहुतेकांनी ती उपयोगी पडल्याचे मनापासून सांगितले. प्रत्यक्ष नोंदी मात्र वेगळे सांगत होत्या: मद्याधीनता, गंभीर मानसिक आजार, पुन्हा घडलेले गुन्हे आणि अकाली मृत्यू यांबाबत मदत मिळालेल्या गटाची स्थिती दुसऱ्या गटापेक्षा वाईट होती. पुढील विश्लेषणात असे दिसले की हे नुकसान प्रामुख्याने वारंवार शिबिरांना पाठवलेल्या मुलांमध्ये एकवटले होते.

एकाच प्रकारच्या अडचणीतील मुलांना एकत्र बसवणे

शिबिरांचा हा धडा आजही दुर्लक्षित राहतो. ज्यांच्या वागण्याविषयी तक्रारी आहेत अशा सर्वांना एका गटात आणले, की मोठ्यांच्या उपदेशापेक्षा बरोबरीच्यांचे हसू आणि दाद अधिक प्रभावी ठरते, आणि नियम मोडल्याच्या गोष्टी सांगणाऱ्याला गटात मान मिळू लागतो. तुमच्या गटात काही आठवड्यांनी दंगा वाढत असेल, तर मुलांना दोष देण्याआधी गटाची रचना तपासा. वेगवेगळ्या स्वभावांची आणि परिस्थितींतील मुले मिसळा, गट लहान ठेवा, प्रत्येक बैठकीत हाताला काम राहील असे पाहा आणि मोकळ्या वेळेतही एक जाणती व्यक्ती जवळ असू द्या. धाक दाखवून सुधारण्याचे प्रयोग तर सरळ टाळावेत, कारण किशोरांना तुरुंगात नेऊन घाबरवणाऱ्या कार्यक्रमांच्या आढाव्यात त्यानंतर त्यांच्या हातून गुन्हे घडण्याची शक्यता वाढल्याचेच आढळले आहे.

नाते जोडून मध्येच सोडून देणे

माझ्या मते ही सर्वांत गंभीर चूक आहे, आणि ती सर्वांत सहज घडते. ज्या मुलाला मोठी माणसे सोडून जातात असाच अनुभव आहे, त्याच्या आयुष्यात एखादा स्वयंसेवक उत्साहाने येतो, विश्वास संपादन करतो आणि नोकरी, परीक्षा किंवा संपलेला निधी अशा कारणाने दोन महिन्यांत दिसेनासा होतो. मार्गदर्शक-मैत्रीच्या उपक्रमांविषयी २००२ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रॉसमन आणि ऱ्होड्स यांच्या अभ्यासात वर्षभर किंवा त्याहून अधिक टिकलेल्या नात्यांतून सर्वाधिक लाभ दिसला, तर तीन महिन्यांच्या आत तुटलेल्या नात्यांनंतर मुलांचा स्वतःविषयीचा विश्वास घटलेला आढळला. याचा अर्थ असा, की अर्धवट सोडलेली मदत मुलाला मूळ जागीही ठेवत नाही, ती त्याला मागे ढकलते.

म्हणून स्वयंसेवकाच्या निवडीच्या वेळी त्याच्या गुणांइतकीच त्याच्या उपलब्धतेची चौकशी करा आणि वर्षभर येता येणार नसेल, तर त्याला मुलांशी एकट्याने नाते जोडण्याऐवजी कार्यालयीन किंवा आयोजनाचे काम द्या. महिन्यातून एकदा मोठा कार्यक्रम करण्यापेक्षा ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी होणारी साधी भेट अधिक मोलाची असते. निरोप अटळ असेल, तर तो काही आठवडे आधी सांगावा, कारण स्पष्ट करावे आणि नव्या व्यक्तीची ओळख जुन्या व्यक्तीच्या उपस्थितीतच करून द्यावी, कारण न सांगता झालेल्या गैरहजेरीचा दोष मूल बहुधा स्वतःकडे घेते.

दुःख लगेच बोलायला लावणे

एखादी आपत्ती किंवा मृत्यू घडल्यावर सर्वांना गोलात बसवून 'मनातले सगळे सांगा' असा आग्रह धरणे अनेकांना स्वाभाविक वाटते. प्रत्यक्षात, आघातानंतर अशा एकाच सत्रात अनुभव उकलून घेण्याच्या पद्धतीने पुढील त्रास टळतो असा पुरावा मिळालेला नाही, काही जणांत तो वाढल्याचेही दिसले आहे. २०११ साली जागतिक आरोग्य संघटनेने सहयोगी संस्थांसह प्रसिद्ध केलेली मानसिक प्रथमोपचार मार्गदर्शिका सुरक्षितता पाहणे, ऐकणे आणि आवश्यक सेवांशी जोडून देणे यांवर भर देते. बोलण्याची सक्ती त्यात नाही. गट गप्प बसत असेल, तर ते अपयश समजू नका. खेळ, चित्रे, बागकाम, स्वयंपाक यांत हात गुंतलेले असताना मुले आपल्या वेळेने बोलतात.

याच्या उलट टोकाची चूक म्हणजे आत्महत्येचा विषयच टाळणे. विचारल्याने तो विचार डोक्यात येईल ही भीती खरी ठरलेली नाही, कारण अमेरिकेत दोन हजारांहून अधिक शालेय विद्यार्थ्यांवर झालेल्या आणि २००५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, थेट प्रश्न विचारलेल्या मुलांचा ताण किंवा तसे विचार वाढले नाहीत. 'तुला जगणे नकोसे वाटते का, जीव देण्याचा विचार येतो का' असे शांतपणे, स्पष्ट शब्दांत विचारावे. उत्तर होकारार्थी आले, तर त्या व्यक्तीला एकटे सोडू नये, इजा करता येतील अशा वस्तू दूर कराव्यात, त्याच दिवशी प्रशिक्षित तज्ज्ञाकडे न्यावे आणि गुप्तता पाळण्याचे वचन देऊ नये. गोपनीयतेची ही मर्यादा पहिल्याच भेटीत सांगितलेली असली, की नंतर विश्वासघात झाल्यासारखे वाटत नाही.

सर्वांना एकच औषध

ब्रिटनमध्ये ८५ शाळांतील आठ हजारांहून अधिक विद्यार्थ्यांवर झालेल्या आणि २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, वर्गात सरसकट दिलेले सजगतेचे (माइंडफुलनेस, म्हणजे वर्तमान क्षणाकडे लक्ष देण्याच्या ध्यानाचे) प्रशिक्षण नेहमीच्या अभ्यासक्रमापेक्षा सरस ठरले नाही. ध्यानधारणा निरुपयोगी आहे असा याचा अर्थ नव्हे, परंतु ज्याला त्रास नाही त्याला ती कंटाळवाणी वाटते आणि ज्याला खोल त्रास आहे त्याला ती अपुरी पडते. शिवाय कोणतीही मदत कोण देते यालाही महत्त्व आहे. बिहारमधील शाळांत झालेल्या 'सेहेर' अभ्यासात व्यावसायिक तज्ज्ञ नसलेल्या, पण प्रशिक्षण दिलेल्या समुपदेशकांनी राबवलेल्या उपक्रमाने शाळेतील वातावरण लक्षणीय सुधारले, पण तोच उपक्रम शिक्षकांनी राबवल्यावर तसा परिणाम दिसला नाही. जी व्यक्ती गुण देते आणि शिक्षा करते, तिच्याकडे मन मोकळे करणे अवघड असते. आधीच कामाने दबलेल्या शिक्षकांवर हे ओझे टाकणेही न्याय्य नाही.

ज्यांच्यासाठी उपक्रम, तेच येत नाहीत

उपस्थिती भरपूर, पण सर्वाधिक गरज असलेली मुले गैरहजर, ही तक्रार जवळपास प्रत्येक ठिकाणी ऐकू येते. कारणे बहुधा व्यवहारातील असतात: वेळ कामाच्या तासांत येते, प्रवासखर्च परवडत नाही, धाकट्या भावंडांना सांभाळणारे कोणी नसते, किंवा फलकावर 'मानसिक रुग्णांसाठी' अशा आशयाचे शब्द वाचून शेजारी काय म्हणतील याची भीती वाटते. वेळ आणि जागा मुलांना विचारून ठरवा, नाव कौशल्य किंवा खेळाशी जोडा, पण मदतीचे स्वरूप लपवू नका. सल्लागार गटात दोन तरुणांना शोभेपुरते बसवून भागत नाही, निर्णय आणि अंदाजपत्रकातील काही वाटा खरोखर त्यांच्या हाती द्यावा लागतो.

शेवटची तपासणी नोंदवहीची. केंब्रिज-सॉमरविलमध्ये मुलांचे समाधान खरे होते, तरीही परिणाम उलटा होता, म्हणून केवळ हजेरी आणि अभिप्रायपत्रे पुरत नाहीत. सुरुवातीला, मध्यावर आणि काही महिन्यांनी झोप, शाळेतील किंवा कामावरील उपस्थिती, जवळच्या माणसांशी संबंध आणि मनःस्थिती यांविषयी तेच ठरावीक प्रश्न विचारावेत. जी मुले येईनाशी झाली, त्यांची वेगळी यादी ठेवून प्रत्येकाकडे स्वतः जाऊन, न रागावता कारण विचारावे आणि पुढच्या बैठकीची आखणी त्या यादीपासून सुरू करावी.