किचेन टॉर्च: खोक्यावरच्या आकड्यांना भुलू नका, या चुका टाळा

नौपाड्यातल्या आमच्या जुन्या बिल्डिंगला लिफ्ट नाही आणि जिन्यातला दिवा पावसाळ्यात हमखास दगा देतो. त्यामुळे किल्ल्यांच्या जुडग्यात छोटी टॉर्च लागतेच. गेल्या जूनमध्ये गोखले रोडवरून एक नवी घेतली. खोक्यावर ठळक ‘४०० लुमेन’ (लुमेन म्हणजे टॉर्चच्या एकूण उजेडाचं माप), खाली ‘४० तास’. पहिल्याच रात्री खालून निघालो तेव्हा लख्ख उजेड होता. तिसऱ्या मजल्यावर कुलूप चाचपेपर्यंत निम्माही उरला नव्हता.

टॉर्च बिघडलेली नव्हती, मीच दोन आकडे एकत्र वाचले होते. ४०० लुमेन सर्वात मोठ्या मोडचे, ४० तास सर्वात मंद मोडचे. साधा हिशोब करा. आत १३० एमएएचची, म्हणजे ०.१३ अँपिअर-तासांची बॅटरी आहे, ३.७ व्होल्टने गुणलं की जेमतेम अर्धा वॅट-तास. एलईडीकडून वॅटला साधारण १०० लुमेन धरले, तर ४०० लुमेनला चार वॅट हवेत, म्हणजे सात मिनिटांत खेळ खलास. त्यातही एवढीशी टॉर्च तापते, म्हणून मिनिटा-दोन मिनिटांत स्वतःच उजेड उतरवते. आणि ४० तास चालायचं तर उजेड लुमेनभर. किल्लीचं भोक दिसेल, पायरी नाही.

खोक्यावर ‘एफएल१’ (टॉर्चचा उजेड आणि तास मोजायचं एक मानक) असं छापलेलं असेल तर जरा बरं. या मानकात उजेड चालू केल्यावर ३० सेकंदांनी मोजतात. पण तासही उजेड त्याच्या दहा टक्क्यांवर येईपर्यंत मोजतात, तेव्हा ‘दोन तासां’तला बराच वेळ मिणमिणताही असू शकतो.

दुसरी चूक: दुकानात दोन टॉर्च भिंतीवर मारून बघणं. अरुंद झोताची टॉर्च मध्यभागी डोळे दिपवते आणि जास्त तेजस्वी वाटते. शिवाय चौपट लुमेन डोळ्यांना फार तर दुप्पट भासतात. मी घरी बाथरूमचा दिवा बंद करतो, पूर्ण चार्ज केलेली टॉर्च मेणबत्तीसारखी उभी ठेवतो आणि लक्स (एखाद्या जागी पडणाऱ्या उजेडाचं माप) मोजणारं अॅप सुरू करून मोबाइल कोपऱ्यातल्या स्टुलावर ठेवतो. ३० सेकंद, ५ मिनिटं, १० मिनिटं, तीन नोंदी. मग दुसरी टॉर्च त्याच जागी. मोबाइल बोटभरही हलवायचा नाही. हे आकडे लुमेन नव्हेत, तुलनेपुरतेच. माझा कौल पाचव्या मिनिटाच्या आकड्याला.

टॉर्च चार्जच होत नसेल तर परत करायला धावू नका. मी धावलो होतो. अनेक स्वस्त टॉर्चमध्ये टाइप-सी पोर्ट असतं, पण टॉर्च जोडल्याचं चार्जरला कळवणारे आतले दोन छोटे रेझिस्टर गाळलेले असतात. मग दोन्हीकडे टाइप-सी असलेली केबल चालत नाही. चार्जरच्या बाजूला जुनं चपटं यूएसबी असलेली केबल लावून बघा.

सेलवाली टॉर्च लुकलुकत असेल तर आटे आणि सेलची टोकं कोरड्या फडक्याने पुसा. खिशात आपोआप पेटत असेल तर डोकं पाव फेरा सैल करा. डोकं फिरवून लागणाऱ्या बऱ्याच टॉर्च त्याने बंद राहतात. अल्कलाइन ट्रिपल-ए सेल महिनोन्महिने आत ठेवू नका, पाझरला की आटे खातो. आणि बटण सेल लहान मुलांच्या हाती अजिबात नको. गिळला तर घरगुती उपाय न करता थेट हॉस्पिटल गाठा.