आइस हॉकीत खेळाडूचा कोच होताना

लेहला पहिल्यांदा आइस हॉकी खेळायला गेलो तेव्हा माझी चाकांच्या स्केटिंगची नऊ वर्षं झाली होती. नागपुरात सिमेंटच्या रिंकवर मला कोणी गाठू शकत नसे. बर्फावर मात्र पहिल्याच धावेत थेट कठड्यावर आदळलो. तो खांदा थंडीत अजून ठणकतो.

चाकांवरून बर्फावर येणारे बहुतेक जण इथेच फसतात, म्हणून जरा सविस्तर सांगतो. चाक जमीन धरून ठेवतं, त्यामुळे आपण कलून वळसा घेतो, नाहीतर मागचा पाय आडवा ओढत थांबतो. बर्फाच्या पात्याला खालून बारीक पन्हळ असते आणि तिच्या दोन्ही बाजूंना धार. इथे पाती आडवी करून बर्फ खरवडत थांबायचं. जुन्या सवयीने जास्त कललात की धार रुतते आणि तुम्ही आडवे. आधी गुडघे वाकवा, अंग किंचित उचलून पायांवरचा भार हलका करा, पाती फिरवा आणि मगच हळूहळू वजन टाका. मला हे जमायला दुसरा हिवाळा उजाडला.

खरा फटका कोच झाल्यावर बसला. मला जमतंय म्हणजे शिकवताही येईल, असं धरून चाललो होतो. ‘असं बघा’ म्हणायचो आणि करून दाखवायचो. एक अकरा वर्षांचा पोट्टा म्हणाला, “सर, दिसलं जी, पण पाय फिरवाचा कसा?” मला सांगताच येईना. त्याच मोसमात एका मुलाचं मनगट मोडलं. तो चुकला नव्हता, मी त्याला निम्मंच सांगितलं होतं. त्याच्या आईला केलेला फोन मी विसरलेलो नाही.

मग लेहच्या एका वयस्कर कोचनी महिनाभर माझ्या हातात शिटी दिली नाही. नवख्या पोरांच्या रांगेत उभं केलं आणि कठडा धरून एका पायाने बर्फाचा कीस पाडायला लावला. पहिल्याच दिवशी शिटी देणारा गुरू मिळाला तर त्याला सोडा, असं मी स्पष्टच सांगेन. दोन दिवसांच्या शिबिराचं प्रमाणपत्र भिंतीला शोभतं, पोरांच्या हाडांना वाचवत नाही.

नागपुरात ४५ अंशांच्या उन्हाळ्यात बर्फ कुठला? मी पोरांना पायमोजे घालून गुळगुळीत फरशीवर पाय आडवा सरकवायला लावतो. वजन कधी टाकायचं ते तिथेही कळतं.

फक्त खेळून पोट भरेल म्हणून नोकरी सोडू नका. आपल्याकडे पगारावर खेळणारे मुख्यतः आर्मीचे आणि आयटीबीपीचे (भारत-तिबेट सीमा पोलीस) जवान. माझं घर सकाळ-संध्याकाळच्या स्केटिंग वर्गांवर चालतं, आणि नीट चालतं. बर्फ वर्षातून दोनेक महिनेच मिळतो म्हणूनही खचू नका. २०२५ मध्ये आशिया चषकात कांस्य जिंकणाऱ्या आपल्या मुलींपैकी बहुतेक जणी तेवढ्याच हिवाळी बर्फावर वाढल्या.

लेह साडेतीन हजार मीटरवर आहे, तिथल्या विरळ हवेची शरीराला सवय व्हावी लागते. पोरांना घेऊन जाल तेव्हा पहिले दोन दिवस स्केट पिशवीतून काढू देऊ नका, कितीही हट्ट केला तरी.