आपल्या माणसाच्या यशात मनापासून सहभागी कसे व्हावे

जवळच्या माणसाने आनंदाची बातमी सांगितली की आपल्यालाही आनंद होतोच, त्यात शिकण्यासारखे काय आहे, असे आपण धरून चालतो. मात्र मनात आनंद होणे आणि तो समोरच्यापर्यंत पोहोचणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि पुष्कळ घरांत दुसरी गोष्ट राहून जाते.

मुलगी धावत येऊन सांगते, "बाबा, माझी निवड झाली!" बाबा मोबाइलवरून नजर न हटवता म्हणतात, "अरे वा, छान. आता पुढच्या तयारीला लाग." बाबांना अभिमान वाटलेला असतो, रात्री ते आईपाशी लेकीचे तोंडभरून कौतुकही करतात, पण मुलीच्या वाट्याला आलेली असते ती फक्त पुढच्या तयारीची सूचना. मानसशास्त्रज्ञ शेली गेबल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनात चांगल्या बातमीला मिळणाऱ्या प्रतिसादांचे चार प्रकार मांडले: उत्साहाने रस घेणे, नुसते "छान" म्हणून थांबणे, बातमीतल्या अडचणी दाखवणे आणि विषयच बदलणे. यांपैकी केवळ पहिल्या प्रकाराचा संबंध नात्यातील जवळीक आणि समाधान वाढण्याशी आढळला. माझ्या मते यात सर्वांत लक्षात ठेवण्यासारखी बाब ही, की शांतपणे म्हटलेले "छान"सुद्धा पुरेसे ठरले नाही.

म्हणून बातमी ऐकताच हातातले काम बाजूला ठेवावे, बोलणाऱ्याकडे वळून बसावे आणि अभिनंदनानंतर लगेच प्रश्न विचारावेत. कधी कळले? कुणी सांगितले? ऐकल्यावर आधी काय वाटले? सर्वांत अवघड काय गेले? अशा प्रश्नांमुळे त्या माणसाला तो क्षण पुन्हा जगता येतो, आणि तपशील ऐकता ऐकता आपला आनंदही खराखुरा वाढत जातो. नव्या नोकरीमुळे घरापासून लांब राहावे लागेल, खर्च वाढेल, या शंका रास्त असल्या तरी त्या दुसऱ्या दिवसापर्यंत थांबू शकतात. पहिल्या दिवशी त्या काढल्या, तर समोरच्याला आपली काळजी दिसत नाही, नाराजी दिसते.

कौतुक करताना नेमके बोलावे. "तू हुशारच आहेस" यापेक्षा "मसुदा तिसऱ्यांदा परत आला तेव्हाही तू तो नव्याने लिहायला बसलास, ते मी पाहिले आहे" हे वाक्य कितीतरी अधिक देऊन जाते, कारण त्यातून आपले लक्ष केवळ निकालाकडे नव्हते हे कळते. मुलांच्या बाबतीत तर हे फार जपावे. क्लॉडिया म्युलर आणि कॅरल ड्वेक या संशोधकांच्या १९९८ च्या प्रयोगांत बुद्धीची स्तुती झालेली मुले पुढे अपयश आल्यावर, मेहनतीची स्तुती झालेल्या मुलांच्या तुलनेत लवकर नाउमेद झाली.

कधीकधी आनंदाच्या जोडीला मनात कळही उठते. अब्राहम टेसर या मानसशास्त्रज्ञांच्या मांडणीनुसार, यश मिळवणारा माणूस जितका जवळचा आणि त्याचे क्षेत्र आपल्याला जितके जिव्हाळ्याचे, तितकी तुलना अधिक बोचते; म्हणून चित्रकार बहिणीच्या यशाने गणिताची आवड असलेला भाऊ सहज सुखावतो, पण स्वतः चित्रे काढणारा भाऊ अस्वस्थ होऊ शकतो. अशी असूया वाटली म्हणून प्रेम खोटे ठरत नाही. ती मनातल्या मनात मान्य करावी, उसना उत्साह न आणता मोजक्या शब्दांत मनापासून अभिनंदन करावे आणि स्वतःला थोडा वेळ द्यावा. नंतर बहिणीच्या कामाकडे जाणकाराच्या नजरेने पाहावे. त्या क्षेत्रातला असल्यामुळेच या भावाला जे बारकावे दिसतात, ते इतर कौतुक करणाऱ्यांना दिसत नाहीत, आणि बहिणीला त्याची दाद सर्वांत मोलाची वाटण्याची शक्यता असते.

अभिमानाला एक मर्यादाही असावी: यश ज्याचे त्याचेच राहू द्यावे. बातमी नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकण्यापूर्वी "मी सांगू का, की तू स्वतः सांगणार आहेस?" एवढे विचारावे. "आम्ही किती खस्ता खाल्ल्या" हे खरे असले, तरी त्या दिवशी ते बोलू नये.

घरात दोन भावंडे असतील आणि एकाला यश मिळताना दुसऱ्याची संधी नुकतीच हुकली असेल, तर यशस्वी मुलाचा आनंद दबक्या आवाजात साजरा करू नये, कारण त्यामुळे त्याला आपल्या यशाचाच अपराध वाटू लागतो. दुसऱ्याला वेगळे गाठून त्याच्याशी बोलावे, त्याला "आता तूही असे करून दाखव" असे म्हणू नये, आणि लगेच सोहळ्यात सामील होण्याची सक्तीही करू नये.