मॉस आणि रानससा यांची तुलना करायचीये? टेबल नंतर काढा

मॉस (ओलसर भिंतींवर, मातीवर हिरव्या गालिच्यासारखी पसरणारी छोटी वनस्पती) आणि ससा असा विषय आला की बहुतेक जण लगेच टेबल आखतात, एक हिरवं दुसरा तपकिरी, एक जागचं हलत नाही दुसरा पळतो, झाली तुलना. यातून खरंच काही कळत नाही हो.

आधी जात पक्की करा, कारण नुसतं मॉस म्हटलं तर हजारो जाती आहेत. मी फ्युनारिया हायग्रोमेट्रिका आणि युरोपियन रानससा, म्हणजे लेपस युरोपियस, घेतो. मग दोघांना तेच तेच प्रश्न विचारायचे, पाणी कसं मिळतं, अन्न कुठून येतं, पुढची पिढी कशी होते.

पाण्याचं बघा, फ्युनारियाला खरी मुळं नाहीत, पानं मधली शीर सोडली तर एकाच पेशीच्या जाडीची, त्यामुळे पाणी थेट अंगावरूनच शोषलं जातं आणि हवा कोरडी झाली की तसंच उडूनही जातं, म्हणून ते जेमतेम 1-2 सेंमी वाढतं. सशाकडे कातडी आहे, किडनी आहे, रक्त आहे, म्हणून 3 ते 5 किलोचं शरीर कोरड्या हवेतही धावू शकतं. अन्नाचं सोपंय, एक उजेडावर जगतं, दुसरा गवतावर.

खरी मजा प्रजननात आहे, इथे जास्त वेळ द्या. सशाच्या पेशींत गुणसूत्रांचे दोन संच असतात (एकूण 48) आणि एकच संच फक्त अंड्यात नि शुक्राणूत. मॉसमध्ये नेमकं उलटं, आपल्याला दिसतो तो हिरवा गालिचा एका संचाचा, आणि त्यातून वर आलेली दांडी आणि तिच्या टोकाची बीजाणूंची कुपी दोन संचांची. शुक्राणू दोघांचेही पोहतात, पण मॉसच्या शुक्राणूला बाहेर पाण्याचा थर लागतो, सशाचं सगळं शरीराच्या आतच होतं. आणि मला सगळ्यात भारी वाटतं ते हे की ती दांडी आईच्या अंगातच रुतून तिच्याकडून अन्न घेते, सशाचं पिल्लू साधारण 42 दिवस पोटात घेतं तसंच! दोन्हीकडे ही सोय स्वतंत्रपणे आलीये.

टेबल आता काढा. त्यात "मॉस मागासलेलं, ससा प्रगत" असं मात्र लिहू नका, दोघांचा सामाईक पूर्वज 100 कोटी वर्षांहून जुना आहे आणि तेव्हापासून दोघंही तितकाच काळ बदलत आलेत. आणि फोटो लावताना पाळीव ससा लावू नका, तो वेगळ्या जातीचा, त्याची पिल्लं बिनकेसांची आणि डोळे मिटलेली जन्मतात, रानसशाची केसाळ आणि डोळे उघडे असलेली.