माळ्यावरचा जुना ट्रेन-ट्रान्सफॉर्मर लावण्याआधी

बोटीवरच्या काकांनी कधीकाळी आणलेली मॉडेल आगगाडी फोंड्याच्या घरात माळ्यावर सापडली, तर ट्रान्सफॉर्मर लगेच प्लगात घालू नका. आधी तळाची पाटी वाचा. लायोनेल या अमेरिकन खेळण्यातल्या गाड्यांच्या कंपनीचा जुना ट्रान्सफॉर्मर साधारण १२० व्होल्ट, ६० हर्ट्‌झसाठी बनवलेला असतो. आपल्या २३० व्होल्टवर तो जळून जाईल. व्होल्टेज कमी करणारा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर मध्ये लावला तरी वीज ५० हर्ट्‌झचीच राहते, म्हणून तो जास्त तापतो.

मग वायर हलकेच वाकवून बघा. भेग दिसली की वायर बदलूनच घ्या, चिकटपट्टी मुळीच नको. आपल्याकडचे पावसाळे सोसलेला ट्रान्सफॉर्मर असेल, तर इलेक्ट्रिशियनकडून मेगरने (इन्सुलेशन मोजायच्या यंत्राने) इन्सुलेशन तपासून घ्या. पहिल्यांदा रूळ न जोडता अर्धा तास चालू ठेवा आणि शेजारीच बसा. जळका वास आला किंवा हात ठेववेना, तर लगेच प्लग काढा.