पेटंटवाले शिट्टीला शिट्टी म्हणत नाहीत

मेकॅनिकलची पदवी घेऊन पुण्यात पेटंट सर्चच्या नोकरीला लागलो आणि पहिलंच काम आलं प्रेशर कुकरच्या शिट्टीचं. ग्राहकाच्या रचनेसारखं आधी कुणी काही केलंय का, एवढंच बघायचं होतं. गुगल पेटंट्सवर 'कुकर' आणि 'व्हिसल' हे इंग्रजी शब्द टाकले, दुपारपर्यंत रिझल्ट चाळले आणि साहेबांना छातीठोकपणे सांगितलं, "काही नाही." त्यांनी चहा संपायच्या आत एक जुनं अमेरिकन पेटंट माझ्यापुढे ठेवलं. रचना जवळजवळ तीच. पण त्यात व्हिसल शब्दच नव्हता, 'प्रेशर रेग्युलेटिंग वेट' होतं!

पेटंट लिहिणारे मुद्दाम ऐसपैस शब्द निवडतात. क्लेम, म्हणजे पेटंटमधली हक्काची मागणी, जितका व्यापक, तितकं कुंपण मोठं. त्यामुळे रोजच्या बोलीतला शब्द टाकून शोधणारा फसतोच.

सुटका होते ती वर्गीकरणाच्या कोडमुळे. सीपीसी या पेटंटच्या विषयवार वर्गीकरणाच्या पद्धतीत प्रेशर कुकर ए४७जे २७/०८ मध्ये येतो, त्याची सुरक्षा साधनं २७/०९ मध्ये. कागद जर्मन असो वा कोरियन, कोड तोच. पण कोडची अख्खी यादी वाचत बसू नका. मी बसलो होतो, दोन दिवस वाया गेले. त्यापेक्षा जवळचं एकच पेटंट कसंही करून मिळवा आणि त्यावरचे कोड उचला. मग एस्पासनेटवर, म्हणजे युरोपियन पेटंट ऑफिसच्या शोध-साइटवर, कोड आणि दोन-तीन शब्द एकत्र टाका. एखादा कामाचा कागद लागला की त्याने कुणाचे दाखले दिलेत आणि पुढे त्याचा दाखला कुणी दिलाय, दोन्ही बाजूंनी चालत जा. मला निम्मं काम तिथेच सापडतं. भारतीय अर्जांसाठी इनपास ही आपल्या पेटंट ऑफिसची शोध-साइट आहे. कॅप्चा भरायचा धीर ठेवा.

अर्ज साधारण १८ महिने प्रसिद्ध होत नाहीत, म्हणून अगदी ताजं काही दिसणार नाही. अहवालात तसं स्पष्ट लिहा. आणि पेटंटबाहेरही बघा. डेनिस पापँने १६७९ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे आपला 'डायजेस्टर', म्हणजे वाफेच्या दाबावर शिजवणारं घट्ट झाकणाचं भांडं, मांडला होता. पुढे त्याला त्याने वजनाची झडपही बसवली. म्हणजे आपल्या शिट्टीची पणजीच!

प्रत्येक सर्चची तारीख, शब्द, कोड आणि रिझल्टचा आकडा वहीत टिपत जा. साहेब हमखास विचारतात, "कुठे कुठे पाहिलंस?" माझी पहिली वही अजून आहे. तिच्या पहिल्या पानावर शिट्टीची अकरा इंग्रजी नावं आहेत. व्हिसल सगळ्यांत खाली.